धरणाला राखणदार हवा

कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. कुठे तो वेशीवरच्या झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड असतो, कुठे सड्यावरची छोटी घुमटी. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वर्षभर निर्धास्त राहायचं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावालाही असा राखणदार आहे. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, पऱ्या, म्हणजे ओढा, जिथे दोन टेपाडांमधून खाली उतरतो तिथे, एक मातीचं धरण आहे. त्या धरणाला मात्र राखणदार नाही. भूमिपूजन झालं, घळभरणी झाली, पाणी अडलं, कोनशिला लागली आणि माणसं निघून गेली. त्यानंतर धरण तिथे आहे आणि त्याच्या पायथ्याची २७ घरं पावसाळ्याचे चार महिने त्याच्या भरवशावर झोपतात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात एक मागणी सतत कानावर येते. वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या उतारावर, प्रत्येक नाल्यावर छोटी छोटी मातीची धरणं बांधा, म्हणजे पुराचं पाणी वरच्या वर अडेल आणि बाजारपेठ वाचेल. मागणी करणारी माणसं पुरात सगळं गमावलेली आहेत. त्यांच्या दुकानांतला चिखल मी पाहिलेला आहे, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे. आज उभ्या असलेल्या प्रत्येक छोट्या मातीच्या धरणाला नेमलेला, पगारी आणि हातात अधिकार असलेला माणूस मिळत नाही, तोवर पूरनियंत्रणाच्या नावाने नवीन एकही बांधू नये.

हे मत माझं एका दिवसात झालेलं नाही. ते घडवलं माझ्या काकांनी आणि एका प्लॅस्टिकच्या बाटलीने.

काकांचं घर धरणाखालच्या वाडीत पहिलंच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर बांधावर चढले. धरणाचा माथा बैलगाडीच्या वाटेसारखा झाला होता, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्या होत्या आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या चाकोऱ्यांतच साचणार हे दिसत होतं. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसायला दगडांचं पिचिंग केलेलं असतं. त्यातले निम्मे दगड जागेवर नव्हते, कुणाकुणाच्या गडग्याला गेले होते. खालच्या उतारावर करवंदीची जाळी माजली होती आणि मनगटाएवढ्या जाडीचा एक ऐन मजेत वाढत होता. शहरातून आलेल्या माणसाला ही हिरवळ पाहून बरं वाटतं, मलाही वाटलं. काकांनी ऐनाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा मेला की ह्याची मुळी कुजंल. मुळी कुजली की नळी झाली. मगं पान्याला वाट दाखवायला लागत न्हाय."

पुढे पायथ्याशी गेलो. मे महिन्यात सगळा कातळ करपलेला असताना तिथे चटईएवढ्या जागेत लव्हाळा उगवला होता, गर्द हिरवा. तिथे काकांनी पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा बसवला होता आणि त्यातून पाण्याची बारीक धार येत होती. धारेखाली ते एक लिटरची बाटली धरायचे आणि भरेपर्यंत आकडे मोजायचे. तो आकडा घरी आल्यावर कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचे. मग बाटली उजेडात धरायची. पाणी निवळ आहे की गढूळ, ते पाहायचं. तळाशी मातीचा गाळ बसतो का, ते पाहायचं.

"बाय, पानी निवळ हाय तवर भ्याचं काम न्हाय," ते म्हणाले. "गढूळ झालं की घर सोडायचं. भांडी बी घ्यायची न्हाईत."

काकांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढे एका निवृत्त अभियंत्याला मी हे सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले की आम्ही हेच करतो, फक्त आमच्याकडे बाटलीऐवजी मोजपट्टी आणि खाचेचा पत्रा असतो.

मातीचं धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मध्ये चिकण मातीचा गाभा असतो, पाणी अडवतो तो. देशावर त्याला काळी माती वापरतात, आमच्याकडे तांबड्या चिकण मातीवर भागवावं लागतं. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं कवच. गाभ्याखाली जमिनीत पक्क्या थरापर्यंत खणून भरलेला खंदक. एका बाजूला धरण भरल्यावरचं जादा पाणी वाहून जायला सांडवा आणि पोटातून पाणी सोडायला विमोचक. कितीही चांगलं बांधलं तरी मातीतून थोडं पाणी पाझरतंच, आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. भीती असते ती पाझरणाऱ्या पाण्याने मातीचे कण बरोबर नेण्याची. एक कण गेला की वाट मोठी होते, वाट मोठी झाली की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी कण जातात. असं उलटं, पायथ्याकडून पाण्याकडे, बीळ तयार होत जातं. महिनोन् महिने वरून काहीच दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा हातात उरतात ते तास. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं तेव्हा आदल्या रात्री जवान वाळूची पोती टाकत होते. पोती थोडी होती असं कुणी म्हणू नये, तेव्हा पोत्यांची वेळच टळलेली होती.

दुसरा धोका वरून. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी बंधारा टिकतो, मातीच्या धरणावरून हातभर पाणी काही तास गेलं की धरण संपलं. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू दोन धरणाचे मातीचे बाजूचे बांध असेच वरून पाणी जाऊन वाहून गेले. दारं सोडू शकतील त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं होतं. आमच्या गावच्या सांडव्यात दोन वर्षं मासे धरायला बांबूचं जाळं आडवं लावलेलं होतं आणि वर वाहून आलेला पाचोळा त्यात अडकून सांडव्याची रुंदी निम्म्यावर आली होती. लावणारी माणसं आमचीच, धरणाखालच्याच वाडीतली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण?

काकांची वही म्हणजे ते कालनिर्णय, भिंतीवर खिळ्याला एकावर एक लावलेले. एका वर्षी सांडवा वाहायला लागला त्या दिवशीचा आकडा ३० होता. पुढच्या वर्षी सांडवा वाहायला लागला तेव्हा २१. पाण्याची पातळी तीच आणि बाटली मात्र तीसऐवजी एकविसाला भरते. याचा अर्थ काकांना बरोबर कळला होता. त्यांनी मला अर्ज लिहायला लावला, मी लिहिला, संबंधित कार्यालयाला दिला. पोच मिळाली. ऑगस्टात दोघं जण येऊन फोटो काढून गेले. पुढच्या मे महिन्यात मुरमाचा एक ट्रक आला आणि तो लव्हाळ्याच्या हिरव्या चटईवर ओतून जेसीबीने दाबून टाकला. काम झालं असं कागदावर लिहिलं गेलं असणार. त्या पावसाळ्यात धार दहा-बारा पावलांवर, दुसऱ्याच जागी फुटली.

हे इतकं तपशिलाने सांगते, कारण इथे एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी, अगदी ग्रामपंचायत सदस्यांना आणि आम्हा गावकऱ्यांनासुद्धा. गळतीच्या तोंडावर माती दाबली तर गळती थांबत नाही. पाणी आत कोंडतं, धरणाच्या पोटात त्याचा दाब वाढतो आणि ते कमकुवत जागा शोधतं. गळतीच्या तोंडावर गाळणी घालावी लागते. आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. पाणी बाहेर येऊ द्यायचं आणि माती आत धरून ठेवायची. खर्च मुरमाच्या ट्रकपेक्षा फार वेगळा नाही. वेगळी आहे ती समज, आणि ती समज रोज बांधावर फिरणाऱ्याला असते, वर्षातून एकदा फोटो काढायला येणाऱ्याला नाही.

आता तिवऱ्याकडे येते. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. खालची भेंडवाडी जवळजवळ पूर्ण वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. लोक जेवून झोपायच्या तयारीत होते. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या, डागडुजीही झाली होती. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचं सांगितलं आणि सगळ्या महाराष्ट्राचा संताप झाला. माझाही झाला. पण आज शांतपणे विचार करते तेव्हा मला खेकड्याचा मुद्दा झटकून टाकावासा वाटत नाही. खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदर मातीच्या बांधात बिळं करतात हे खरं आहे आणि धरणांच्या देखभालीच्या नियमांत बिळं शोधून बुजवणं हे नेहमीचं काम म्हणून लिहिलेलं असतं. खेकडा कोकणात प्रत्येक बांधावर आहे. शेतकरी रोज भाताच्या खाचराच्या बांधावरून फिरतो, भोक दिसलं की चिखलाचा गोळा दाबतो, तेव्हा कुठे खाचरात पाणी ठरतं. मग दीड हात उंचीच्या बांधाला रोजची राखण लागते हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावाच्या डोक्यावरच्या धरणाला ती लागणार नाही असं कुणी ठरवलं? खेकड्यांनी पोखरलं असं मान्य केलं, तर पुढचा प्रश्न हाच येतो की ते पोखरत असताना बघायला कोण नेमलेलं होतं.

आता नव्या धरणांच्या मागणीकडे वळते. ही धरणं पूर अडवतील हा विश्वास कशावर उभा आहे?

पूर अडवणारं धरण रिकामं असावं लागतं. ही साधी गोष्ट आहे आणि बहुतेक चर्चेत ती विसरली जाते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर ते बाहेरच जाणार. कोकणात पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि छोटी धरणं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात काठोकाठ भरतात. चिपळूणचा पूर आला २२ जुलैला. त्या दिवशी वरच्या उतारावर अशी पन्नास धरणं असती, तरी ती भरलेलीच असती आणि आलेलं पाणी सांडव्यावरून तसंच्या तसं खाली गेलं असतं.

समजा एखादं रिकामं ठेवलं. हिशोब करून पाहा. धरणाच्या वर १० चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे आणि एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला. घाटमाथ्यालगत एवढा पाऊस नवलाचा नाही. जमीन भिजून चिंब झालेली, त्यातलं ८० टक्के पाणी वाहून आलं असं धरलं तर ते होतं २४ लाख घनमीटर, म्हणजे २.४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). आपण ज्याला छोटं धरण म्हणतो त्याची साठवण १ दलघमीच्या आसपास असली तरी पुष्कळ. म्हणजे पूर्ण रिकामं असूनही ते निम्मं पाणीसुद्धा अडवणार नाही. उपयोग शून्य असं मी म्हणत नाही. पुराचं टोक थोडं बोथट होईल, पाणी तासभर उशिरा येईल, लगतच्या खालच्या वाडीला त्याचा फायदा होईल. पण जसजसं खाली जावं तसा तो फायदा विरत जातो, आणि शहर तर सगळ्यात खाली आहे.

शिवाय गाव ते रिकामं ठेवू देणार का? मार्चपासून आमच्या विहिरी तळाला जातात. चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो. डोळ्यांसमोर पाणी असताना "हे सोडून द्या, पुढच्या पुरासाठी जागा हवी" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? गावाला धरण भरलेलं हवं, खालच्या शहराला रिकामं. एकाच धरणाला दोन्ही नावं दिली की कागदावर दोघंही खूश होतात आणि पावसाळ्यात दोघांपैकी एकाचा घात होतो.

ज्यांनी हे काम नीट केलं त्यांनी हा प्रश्न आधी सोडवला. अमेरिकेत १९१३ च्या मार्चमध्ये ओहायो राज्यातलं डेटन शहर पुरात बुडालं. त्यानंतर शहराच्या वरच्या अंगाला पाच मातीची धरणं बांधली गेली, १९२२ मध्ये ती पूर्ण झाली. ती मोठी आहेत, पण त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांच्यात पाणी साठवतच नाहीत. दारंही नाहीत. तळातून कायमची उघडी बोगदेवजा वाट ठेवलेली आहे, रोजची नदी तिच्यातून वाहते. पूर आला की वाटेतून मावेल तेवढंच पाणी पुढे जातं, उरलेलं मागे चढतं आणि हळूहळू उतरतं. मागच्या जमिनीत एरवी शेती होते. आजवर दोन हजारांहून अधिक वेळा त्या धरणांनी पाणी धरून सोडलं आहे. आणि खर्च? खालच्या ज्या लोकांचं घरदार वाचणार होतं, त्यांच्याकडून तो वसूल झाला.

छोट्या ग्रामीण धरणांचा खरा मोठा प्रयोग मात्र ओक्लाहोमाचा. १९४४ च्या कायद्याने वॉशिटा नदीचं खोरं निवडलं गेलं आणि १९४८ च्या जुलैत कॉर्डेल गावाजवळ पहिलं पूरनियंत्रणाचं छोटं मातीचं धरण झालं. १९५४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला आणि पुढच्या काही दशकांत देशभर अशी बारा हजारांच्या घरात धरणं उभी राहिली. त्यांच्या पोटात थोडंसं पाणी राहतं, गाळ बसायला. वरची सगळी जागा मोकळी. पूर आला की ती भरते आणि काही दिवसांत आपोआप रिती होते. मला सगळ्यात भावली ती त्यांची अट. धरणाची देखभाल कोण करणार, याचा करार स्थानिक संस्थेने आधी सही करून द्यायचा, मग बांधकामाला हात लागायचा. ती धरणं पन्नास वर्षांच्या हिशोबाने बांधली होती. पन्नास वर्षं सरत आली तेव्हा, २०००मध्ये, त्यांच्या दुरुस्तीसाठी पुन्हा कायदा करावा लागला. कारण मधल्या काळात धरणाखालच्या शेतांत घरं उभी राहिली होती. गव्हाचं शेत वाचवायला बांधलेलं धरण आता माणसांच्या डोक्यावर होतं. तिथेही सगळं सुरळीत होतं असं नाही. १९७७ च्या नोव्हेंबरात जॉर्जियात टोकोआ इथलं केली बार्न्स नावाचं एक लहानसं मातीचं धरण रात्री फुटून ३९ माणसं गेली आणि त्यानंतरच तिथल्या सरकारने धोकादायक धरणांची तपासणी युद्धपातळीवर हाती घेतली.

मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, ती इथेच आहे. पूरनियंत्रणाचं धरण धोका नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलतं. शहरात दर काही वर्षांनी येणारं कमरेएवढं पाणी थोडं कमी होतं. त्या बदल्यात वरच्या एका वाडीच्या डोक्यावर असं संकट टांगलं जातं, जे कदाचित कधीच येणार नाही, पण आलं तर पंधरा मिनिटांत सगळं नेईल. फायदा बाजारपेठेचा, जोखीम वाडीची. वाडीत राहतं कोण? ज्यांची पोरं मुंबईला कामाला आहेत असे म्हातारे आईबाप, धनगर, कातकरी, चार गुंठ्यांचे शेतकरी. त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर "पाणी मिळेल" एवढंच सांगतात. तिवऱ्याचं धरण सिंचनासाठीचं होतं, पुरासाठीचं नव्हे. पण धरण फुटतं तेव्हा ते कशासाठी बांधलं होतं याने खालच्या घरांना काही फरक पडत नाही.

कायदा या वाडीला ओळखतो का? ३० डिसेंबर २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा लागू झाला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, धोक्यानुसार वर्गवारी, आपत्कालीन आराखडा, सगळं त्यात आहे. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधली काही येतात, पण माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठवण १ दलघमी अशा अटींपैकी एखादी पुरी होत असेल तरच. त्याखालचं धरण या कायद्याच्या नजरेत धरणच नाही. महाराष्ट्रात देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, दोन हजारांहून अधिक मोठी धरणं आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नाशिकला धरण सुरक्षितता संघटना कित्येक वर्षं काम करते आहे. नऊ मीटरचा पाझर तलाव आणि त्याच्या पायथ्याला ३० घरं, हे कुणाच्या यादीत बसायचं? शंभर हेक्टरपर्यंतची कामं जिल्हा परिषदेकडे, त्यावरची सहाशे हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. सिंचनक्षेत्रावरून ठरलेली ही वाटणी आहे. गावच्या माणसाने गळतीचा अर्ज घेऊन कुठल्या दारात जायचं, हे त्याला आधी हेक्टर मोजून ठरवावं लागतं. माझी मागणी अशी आहे की वर्गवारी उंचीवरून किंवा हेक्टरांवरून नको, खाली माणसं किती राहतात यावरून करा. खाली एक जरी उंबरा असेल, तर धरण पाच मीटरचं असलं तरी ते यादीत हवं.

आणि यादीतल्या प्रत्येक धरणाला एक माणूस. मोठ्या धरणांवर चौकीदार असतात, कालव्यांवर पाटकरी असत. गावात पोलीस पाटील आहे, कोतवाल आहे, आशाताई आहे. सगळ्यांना मानधन मिळतं आणि सगळ्यांना गाव ओळखतं. त्याच धर्तीवर धरणाचा माणूस नेमता येईल. तो खालच्याच वाडीतला असावा, कारण त्याचं स्वतःचं घर तिथे आहे. त्याला आठवडाभराचं प्रशिक्षण द्या. गळती मोजायची कशी, पाण्याचा रंग कसा पाहायचा, कुठलं झुडूप ठेवायचं आणि कुठलं काढायचं, सांडवा मोकळा कसा राखायचा. गाळणीसाठी लागणारी वाळू आणि खडी धरणाच्या कडेला आधीच टाकून ठेवा, कारण जुलैत तिथे ट्रक पोचत नाही. विमोचकाचं चाक चालू ठेवा आणि त्याची किल्ली त्याच्याकडे द्या. आमच्या धरणाचं चाक गंजून अडकलेलं होतं, पुढे तेही कुणी भंगारात नेलं. म्हणजे उद्या गळती वाढली आणि पाणी उतरवायचं ठरवलं, तरी उतरवायला वाटच नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाडी रिकामी करा असं सांगायचा अधिकार त्याला हवा. रात्री दोन वाजता त्याने थाळी वाजवली तर तहसीलदारांच्या आदेशाची वाट पाहायला लागू नये. त्याचा अंदाज चुकला आणि लोक एक रात्र शाळेत झोपले, तर त्याबद्दल त्याला कुणी बोलू नये.

पैशाचं काय, असं विचारतात. महिन्याला १० हजार रुपये मानधन धरलं तर एका धरणाचे वर्षाला १ लाख २० हजार होतात. धरण बांधायला कोट्यवधी लागतात. बांधकामाच्या मंजुरीतच पुढच्या पंचवीस वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवावी, आणि ती काढता येत नसेल तर धरण परवडत नाही असं समजावं. शहरासाठी पूर अडवणारं धरण असेल तर शहराच्या नगरपरिषदेनेही त्यात वाटा उचलावा. डेटनच्या लोकांनी उचललाच ना? चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी पुरानंतर एकमेकांना ज्या तऱ्हेने उभं केलं, ते पाहता ते याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे हे कुणी मागितलेलं नाही, इतकंच.

काही जण म्हणतात की आता यंत्रं आली आहेत, सेन्सर बसवा, मोबाइलवर संदेश येईल. जरूर बसवा. पण ज्या रात्री धरणाला धोका असतो त्याच रात्री आमच्याकडे वीज नसते आणि रेंजही नसते.

छोटी धरणं नकोतच, असं मी म्हणत नाही. आमच्या धरणामुळे खालच्या तीन विहिरींना मे अखेरपर्यंत पाणी राहतं, हे मी पाहिलेलं आहे. पाण्यासाठी धरण हवं असेल तर पाण्यासाठी बांधा आणि तसंच नाव द्या. पुरासाठी हवं असेल तर तळाशी कायमची उघडी वाट ठेवून, कोरडं राहणारं बांधा आणि गावाला आधीच सांगा की यात उन्हाळ्याला पाणी मिळणार नाही. मागच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी चढेल त्याचा मोबदला शेतकऱ्याला द्या. मग होकार मिळाला तर मिळाला.

१ मेला सगळीकडे ग्रामसभा असते. पावसाळा जेमतेम महिन्यावर असतो. ज्यांच्या गावावर असं धरण आहे त्यांनी त्या दिवशी एवढंच विचारावं की सांडवा कोण साफ करणार, विमोचकाचं चाक फिरतं का, आणि रात्री पाणी गढूळ झालं तर वाडीला कोण उठवणार. उत्तराच्या जागी एका माणसाचं नाव येतं का ते बघावं, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. आमच्या ग्रामसभेत यंदा मी हे विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरपंचबाई म्हणाल्या, "तुमचे काका बघतात ना."

काका आता ७८ वर्षांचे आहेत. यंदा त्यांच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. पाइपचा तुकडा आणि बाटली त्यांनी शेजारच्या अकरावीतल्या मुलीला दाखवून दिली आहे. ती कॉलेजच्या एसटीला जायच्या आधी पायथ्याशी जाऊन येते आणि आकडा मला फोनवर पाठवते. रेंज असली तर. आजचा आकडा २४ आहे, पाणी निवळ आहे आणि सांडवा वाहायला अजून दीड हात बाकी आहे.